रूथ मोठा की ओतानी? वेगवेगळ्या काळांतले बेसबॉलपटू तोलायचे कसे

प्रश्न असा आहे: "ऑफिसातले साठी ओलांडलेले सहकारी म्हणतात, हल्लीच्या पोरांना .३०० ची सरासरी झेपत नाही, पिचर पाच इनिंगमध्ये दमतात; खरे खेळाडू म्हणजे विल्यम्स, मेझ, गिब्सन. घरी चौदा वर्षांची मुलगी म्हणते, बेब रूथ आजच्या पिचरसमोर उभाही राहिला नसता, आज खेळणारा शोहेई ओतानीच सर्वांत मोठा. मी क्रिकेटवर वाढलेलो. कोणाचं खरं मानू, आणि स्वतः तपासायचं तर कसं?"

दोघांचं भांडण मिटत नाही, कारण ते एकाच प्रश्नाबद्दल बोलत नाहीत. एक प्रश्न असा की हा खेळाडू त्याच्या स्वतःच्या काळातल्या बाकीच्यांपेक्षा किती पुढे होता. दुसरा असा की त्याला होता तसा उचलून आजच्या मैदानात ठेवला तर त्याचं काय होईल. दुसऱ्याचं उत्तर जवळजवळ नेहमी मुलीच्या बाजूने जातं. आज मेजर लीगमधला (अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलमधला) सरासरी फास्टबॉल ताशी ९४ मैलांचा असतो, सहाव्या इनिंगनंतर ताज्या दमाचा नवा पिचर येतो, आणि प्रत्येक बॅटरच्या प्रत्येक स्विंगचा व्हिडिओ समोरच्या संघाकडे असतो. १९२० चा कोणीही या सगळ्यासमोर पहिल्या दिवशी गोंधळेल. पण हे उत्तर कंटाळवाणं आहे. गावस्करना आजचं हेल्मेट आणि आजची बॅट दिली असती तर, या वादासारखंच ते कुठेही पोचत नाही. तोलून बघता येतो तो पहिला प्रश्न.

त्यासाठी पहिली सवय लावायची ती ही की आकडा एकटा वाचायचा नाही. शेजारी त्याच वर्षाची, त्याच लीगची सरासरी लिहायची. बॅटिंग अ‍ॅव्हरेज म्हणजे हिट (बॅटरला बेसवर पोचवणारा फटका) भागिले अधिकृत संधी, ज्याला 'अ‍ॅट बॅट' म्हणतात. वॉक, म्हणजे पिचरच्या चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट मिळालेला पहिला बेस, त्यात धरत नाहीत. .३०० म्हणजे दर हजार संधींत ३०० हिट. आता तीन नावं घ्या.

बिल टेरीने १९३० मध्ये .४०१ मारले. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग; त्यातल्या नॅशनलमध्ये .४०० ओलांडणारा तो शेवटचा. कार्ल यास्त्रेम्स्कीने १९६८ मध्ये .३०१ मारले आणि तेवढ्यावर अमेरिकन लीगचं बॅटिंगचं विजेतेपद जिंकलं. इतक्या कमी सरासरीवर हा किताब कोणालाच मिळालेला नाही. ऑफिसातले लोक या दोघांना शेजारी बसूही देणार नाहीत. पण १९३० मध्ये अख्ख्या नॅशनल लीगची सरासरी .३०३ होती. म्हणजे त्या वर्षी .३०० मारणारा माणूस सरासरीपेक्षा किंचित खालचाच. १९६८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी होती .२३०. भागाकार करा: टेरी १.३२, यास्त्रेम्स्की १.३१. मधला शंभर पॉइंटांचा डोंगर गेला कुठे? तो चेंडूत, माउंडमध्ये (पिचर ज्या उंचवट्यावरून टाकतो तो) आणि त्या वर्षांच्या हवेत होता.

याच मापाने टेड विल्यम्सचे १९४१ चे .४०६ बघा. लीग .२६६, गुणोत्तर १.५३. इथे म्हातारे सहकारी पूर्ण बरोबर आहेत. तो आकडा कसाही घासला तरी चमकतो. हंगामाच्या शेवटच्या दिवसाआधी विल्यम्सचे ४४८ संधींत १७९ हिट होते, म्हणजे .३९९५५. तेव्हाच थांबला असता तर गोळाबेरीज करून .४०० छापले गेले असते. तो फिलाडेल्फियात त्या दिवसाचे दोन्ही सामने खेळला आणि ८ पैकी ६ हिट मारले: ४५६ मध्ये १८५. एक बारीक गोष्ट लोक विसरतात. आज बॅटरने उंच मारलेला चेंडू झेलला गेला आणि त्यावर तिसऱ्या बेसवरचा रनर धाव घेऊन आला, तर ती 'सॅक्रिफाइस फ्लाय' म्हणून संधीत मोजत नाहीत. १९४१ मध्ये हा नियम नव्हता. असा प्रत्येक फटका विल्यम्सच्या नावावर साधा आउट म्हणून चढला. आजच्या नियमाने त्याचा आकडा आणखी वर गेला असता.

मग .४०० आता का होत नाही? "पोरांना संयम नाही" हे उत्तर चुकीचं आहे. शिखर खाली आलेलं नाही, पायथा वर आला आहे. पूर्वी संघात दोन चांगले पिचर असले की बाकीच्यांवर हात साफ करून घेता येई. आज बुलपेनमधला, म्हणजे राखीव पिचरांमधला, सातवा पिचरही ९६ मैलांनी टाकतो. विल्यम्सला सामन्यात तोच पिचर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा भेटायचा, आणि तिसऱ्या भेटीपर्यंत बॅटरला पिचरची चाल कळते हे आकड्यांत स्पष्ट दिसतं. आजचे संघ नेमकी ती तिसरी भेट टाळतात. २०२४ मध्ये मेजर लीगची एकूण सरासरी .२४३ होती. तेव्हा आजच्या .३०० कडे बघताना यास्त्रेम्स्की आठवायचा, टेरी नव्हे.

शिवाय बॅटिंग अ‍ॅव्हरेजला सिंगल आणि होम रन सारखेच, आणि वॉक दिसतच नाही. बॅटर तोलायला आकडेवारीच्या तक्त्यात ओपीएस प्लस हा रकाना बघा. ओपीएस म्हणजे बेसवर पोचण्याचं प्रमाण अधिक फटक्यांची ताकद; पुढच्या 'प्लस'चा अर्थ असा की तो आकडा त्या वर्षाच्या लीगशी आणि घरच्या मैदानाशी जुळवून घेतला आहे. १०० म्हणजे सरासरी खेळाडू. रूथचा कारकिर्दीचा आकडा २०६, विल्यम्सचा १९१.

पिचरसाठी तसाच ईआरए प्लस असतो. ईआरए म्हणजे दर ९ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर लागणाऱ्या धावा. सहकाऱ्यांच्या एररमुळे, म्हणजे फील्डिंगमधल्या चुकांमुळे, झालेल्या यात धरत नाहीत. इथलं सर्वांत रंगतदार भांडण दोन हंगामांचं आहे: बॉब गिब्सन १९६८ आणि पेड्रो मार्टिनेझ २०००.

गिब्सनचा ईआरए १.१२. १३ शटआउट (एकही धाव न देता स्वतः संपवलेले सामने), सुरुवात केलेल्या ३४ पैकी २८ सामने स्वतःच संपवले, ३०४ इनिंगच्या वर टाकल्या. मार्टिनेझचा १.७४, २१७ इनिंग, २८४ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) आणि फक्त ३२ वॉक. कागदावर गिब्सन. आता आजूबाजूला बघा. १९६८ मध्ये दोन्ही लीग मिळून सात पिचरांचा ईआरए २.०० च्या आत होता. गिब्सनच्या लीगमध्ये दुसरा आलेला बॉबी बोलिन १.९९ वर होता. माउंड १५ इंच उंच होता आणि स्ट्राइक झोन, म्हणजे ज्या पट्ट्यातून गेलेला चेंडू पिचरच्या बाजूने धरतात तो, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ताणलेला. पिचर इतके शिरजोर झाले की पुढच्याच वर्षी, १९६९ मध्ये, माउंड १० इंचांवर आणला आणि झोन आखडला. उलट २००० मध्ये अमेरिकन लीगचा सरासरी ईआरए ४.९१ होता. बॅटर बदडून काढत होते. मार्टिनेझच्या मागे दुसरा कोण? रॉजर क्लेमेन्स, ३.७०. पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर जवळजवळ दोन धावांचं.

गणित घरी करता येतं. गिब्सनच्या लीगचा ईआरए २.९९, त्याला १.१२ ने भागा, २६७ टक्के. मार्टिनेझ: ४.९१ भागिले १.७४, २८२ टक्के. मग मैदानाची दुरुस्ती: सेंट लुइसचं मैदान पिचरला किंचित साथ देणारं, म्हणून गिब्सन २५८ वर उतरतो, बॉस्टनचं फेनवे बॅटरला साथ देणारं, म्हणून मार्टिनेझ २९१ वर चढतो.

इथे बरेच जण घसरतात. २९१ आणि २५८ मधला फरक प्रचंड वाटतो, पण हा आकडा उलटा भागाकार आहे. सुलटा करून बघा: मार्टिनेझने लीगच्या सरासरीच्या ३४ टक्के धावा दिल्या, गिब्सनने ३९ टक्के. फरक आहे, पण दरी नाही. आणि गिब्सनने सुमारे ८८ इनिंग जास्त टाकल्या, तेही त्याच दर्जाच्या. माझा कौल असा: एकच सामना जिंकायचा असेल तर २००० चा मार्टिनेझ, एप्रिल ते ऑक्टोबर गाडा ओढायचा असेल तर १९६८ चा गिब्सन.

"हल्लीचे पिचर दमतात" या तक्रारीत तथ्य इतकंच की त्यांना दमेपर्यंत ठेवतच नाहीत. सध्या पूर्ण हंगामात दोन्ही लीगमधल्या सगळ्या पिचरांचे मिळून पूर्ण केलेले सामने तिसाच्या आसपास भरतात, म्हणजे एकट्या गिब्सनच्या १९६८ इतके. पण गिब्सनच्या काळात आठव्या-नवव्या बॅटरसमोर हात राखून टाकता येई. आज प्रत्येक चेंडू पूर्ण जोराने, कारण नववा बॅटरही होम रन मारतो. याची किंमत कोपरातल्या लिगामेंटला मोजावी लागते. तो लिगामेंट दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी पहिल्यांदा १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनवर केली आणि तो त्यानंतर १६४ सामने जिंकला. त्याआधी हात गेला की कारकीर्द गेली. सँडी कूफॅक्स १९६६ मध्ये २७ विजय आणि १.७३ ईआरएनंतर, वयाच्या तिसाव्या वर्षी, हाताच्या दुखण्यामुळे थांबला. जुने पिचर दणकट होते असं आपल्याला वाटतं, कारण जे दणकट नव्हते त्यांची नावं आपल्यापर्यंत पोचलीच नाहीत.

पिचरच्या विजयांची संख्या मात्र बिनदिक्कत बाजूला ठेवा. साय यंगचे ५११ विजय कोणी मोडणार नाही, आणि त्यात आजच्या पिचरांचा दोष नाही. खेळच दुसरा आहे. १.१२ ईआरए असूनही गिब्सन १९६८ मध्ये ९ सामने हरला. २०२५ मध्ये पिट्सबर्गच्या पॉल स्कीन्सचे विजय १० आणि पराभव १०, तरी १.९७ ईआरएवर त्याला सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. मतदारांनाही आता कळलं आहे की संघ धावा करत नसेल तर पिचर काय करणार.

मैदानांबद्दल. 'नाचता येईना अंगण वाकडे' म्हणून आपण हसतो, पण बेसबॉलमध्ये अंगण खरोखरच वाकडं असतं. बेसांमधलं ९० फूट अंतर सगळीकडे सारखं; कुंपण मात्र ज्याचं त्याचं. फेनवेत डावीकडची भिंत ३७ फूट उंच आणि जेमतेम ३१० फुटांवर. न्यूयॉर्कच्या जुन्या पोलो ग्राउंड्सवर उजव्या कोपऱ्यात कुंपण २५८ फुटांवर, आणि मधोमध मात्र साडेचारशे फुटांच्याही पलीकडे. विली मेझने १९५४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (दोन लीगच्या विजेत्यांच्या अंतिम लढतीत) पाठमोरा धावत घेतलेला तो झेल तिथलाच. दुसऱ्या कित्येक मैदानांवर तो चेंडू प्रेक्षकांत पडला असता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉल कमी वळतो. लॅरी वॉकरची तिथली सरासरी .३८१. तो उत्तम खेळाडू होताच, पण म्हणून डेन्व्हरच्या संघाच्या, कोलोरॅडोच्या, बॅटरचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढल्याशिवाय मत देऊ नये.

आता रूथ. १९२० मध्ये त्याने ५४ होम रन मारले. लीगमध्ये दुसरा आलेला जॉर्ज सिसलर १९ वर. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या इतर सातपैकी एकाही अख्ख्या संघाचे ५४ झाले नव्हते. रूथचा संघ यांकीज तेव्हा पोलो ग्राउंड्सवर खेळत होता आणि रूथ डावखुरा, म्हणजे तो २५८ फुटांचा कोपरा त्याच्याच हाताशी. तरी केवळ बाहेरच्या मैदानांवरचे त्याचे होम रनसुद्धा सिसलरच्या एकूण १९ पेक्षा जास्त भरतात. शेजारी ठेवायला अ‍ॅरन जज घ्या: २०२२ मध्ये ६२, त्याच्या लीगमध्ये दुसरा माइक ट्राउट ४०. अंतराच्या मापात रूथच्या जवळपासही कोणी नाही.

पण हे माप वापरताना एक पथ्य पाळावं लागतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, हे बघायचं. अंतर दोन कारणांनी मोठं होतं: तुम्ही फार पुढे असता, किंवा बाकीचे फार मागे. रूथच्या बाबतीत दोन्ही होतं. १९२० मध्ये १६ संघ होते, सेंट लुइसच्या पश्चिमेला एकही नाही. स्पिटबॉलवर, म्हणजे थुंकी लावून टाकलेल्या चेंडूवर, त्याच वर्षी बंदी आली (जुन्या १७ पिचरांना सूट देऊन), आणि ऑगस्टमध्ये बॅटर रे चॅपमन चेंडू लागून दगावल्यावर पंच मळका चेंडू लगेच बदलू लागले. पांढराशुभ्र, न भिजलेला चेंडू मिळायला लागला आणि तो कसा मारायचा हे रूथला इतरांच्या आधी उमगलं. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट: कृष्णवर्णीयांना त्या लीगचं दारच बंद होतं. ते १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सनने उघडलं.

तेव्हा १९४७ पूर्वीच्या प्रत्येक आकड्यापुढे एक प्रश्न लिहून ठेवायचा: कोण कोण समोर नव्हतं? सॅचेल पेज मेजर लीगमध्ये आला तो १९४८ मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. जॉश गिब्सन आलाच नाही. रॉबिन्सनच्या पदार्पणाआधी तीन महिने तो पस्तिसाव्या वर्षी वारला. मे २०२४ मध्ये निग्रो लीगच्या (कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगच्या) १९२० ते १९४८ च्या नोंदी मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत धरल्या गेल्या. त्यानुसार कारकिर्दीच्या सरासरीत आता पहिला जॉश गिब्सन, .३७२, टाय कॉब दुसरा. ओपीएसमध्येही तो १.१७७ वर, रूथ १.१६४. ऑफिसात यावर कुरकुर ऐकू येईल. तिच्यातला एक भाग रास्त आहे: त्या लीगचे हंगाम साठ ते ऐंशी सामन्यांचे होते, आणि छोट्या हंगामात टोकाचे आकडे सहज येतात. म्हणून १९४३ मधले जॉश गिब्सनचे .४६६ हे विल्यम्सच्या .४०६ वर चढवू नयेत. कारकिर्दीचा आकडा मात्र अनेक हंगामांचा आहे, त्याला हा आक्षेप तितकासा लागत नाही. आणि छोटे हंगाम खेळावे लागले ही गिब्सनची निवड नव्हती.

चोरलेल्या बेसांचं, म्हणजे पिचर चेंडू टाकत असताना रनरने पळून गाठलेल्या पुढच्या बेसांचं, थोडक्यात सांगतो. रिकी हेंडरसनने १९८२ मध्ये १३० चोरले आणि ४२ वेळा पकडला गेला, म्हणजे यश शेकडा ७६. ओतानीने २०२४ मध्ये ५९ चोरले, पकडला गेला ४ वेळा, यश ९४. मुलगी म्हणेल ओतानी सरस. पण २०२३ पासून बेस १५ इंचांऐवजी १८ इंचांचे झाले, पहिल्या-दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं, आणि पिचरला रनरच्या दिशेने दोनदाच चेंडू फेकायची मुभा उरली. तिसऱ्यांदा फेकून रनर बाद झाला नाही, तर त्याला पुढचा बेस फुकट. २०२२ मध्ये सगळ्या लीगचे मिळून २,४८६ बेस चोरले गेले होते, २०२३ मध्ये ३,५०३. शिवाय हेंडरसन येणार हे मैदानातल्या शेंगदाणे विकणाऱ्यालाही माहीत असायचं.

स्टेरॉइडच्या काळाला माझ्याकडे नीट माप नाही आणि इतर कोणाकडे आहे असंही वाटत नाही. लीगच्या सरासरीशी तुलना करून तो डाग निघत नाही, कारण कोणी काय घेतलं हेच धड माहीत नाही. बॅरी बाँड्सचे २००१ चे ७३ आणि एकूण ७६२ खोडून टाकू नका, पेन्सिलीने खूण करून ठेवा. १९९८ अखेरपर्यंतचा बाँड्स, चारशे होम रन आणि चारशे चोरलेले बेस दोन्ही असलेला एकमेव, वेगळा काढूनही तोलता येतो. फील्डिंगबद्दल २०१५ च्या आधीचं काहीही ठामपणे बोलू नये. कॅमेऱ्याने धावेचा वेग आणि अंतर मोजणं सर्व मैदानांवर तेव्हापासूनच सुरू झालं. त्याआधीच्या एरर मोजण्यात एक गंमत आहे. जो चेंडूपर्यंत पोचतच नाही त्याची चूकही होत नाही.

आणि शेवटी तुमच्या घरातलं भांडण. दोघांची तुलना करायला एक विलक्षण जोडी आयती मिळते: रूथचा १९१८ चा हंगाम आणि ओतानीचा २०२२ चा. दोघांनीही पिचर म्हणून १६६ च्या आसपास इनिंग टाकल्या. रूथ १३ विजय, ७ पराभव, ईआरए २.२२, ओतानी १५-९, २.३३. बॅट घेऊन रूथचे ११ होम रन, जे त्या युद्धामुळे आखडलेल्या वर्षी लीगमध्ये बरोबरीने सर्वाधिक होते, ओतानीचे ३४. आता स्ट्राइकआउट: रूथ ४०, ओतानी २१९. त्या एका आकड्यात शंभर वर्षं मावतात. रूथच्या काळी बॅटर चेंडूला बॅट लावायला बघत आणि पिचर ती लावू देऊन फील्डरांकडून आउट करवून घेई. आजचा पिचर बॅट लागूच द्यायची नाही या हिशेबाने टाकतो.

रूथने दोन्ही कामं खऱ्या अर्थाने एकत्र केली ती १९१८ आणि १९१९ ही दोनच वर्षं. यांकीजमध्ये गेल्यावर पिचिंग जवळजवळ सोडलं. ओतानीने २०२१, २०२२, २०२३ अशी सलग तीन वर्षं ती केली, कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर २०२४ मध्ये नुसत्या बॅटवर ५४ होम रन मारले आणि २०२५ मध्ये पुन्हा माउंडवर आला. १७ ऑक्टोबर २०२५ ला मिलवॉकीविरुद्ध एकाच सामन्यात त्याने सहा इनिंग एकही धाव न देता १० स्ट्राइकआउट घेतले आणि तीन होम रन मारले. एका सामन्याचा विचार केला तर याच्या तोडीचं रूथच्या खात्यात काही नाही, तुमच्या सहकाऱ्यांना खुशाल सांगा.

पण मुलीलाही एक गोष्ट सांगा. रूथ पिच करत नसे त्या दिवशी आउटफिल्डमध्ये किंवा पहिल्या बेसवर उभा राहून फील्डिंग करत होता. ओतानी त्या दिवशी डेझिग्नेटेड हिटर असतो, म्हणजे बॅटिंग करून डगआउटमध्ये बसतो. २०२२ पासून तर नियमच असा केला की सुरुवातीच्या पिचरला माउंडवरून काढलं तरी तो हिटर म्हणून सामन्यात राहू शकतो. तो नियम कोणासाठी केला हे सगळ्यांना माहीत आहे. ओतानीच्या डॉजर्स संघाच्या घरच्या सामन्यात तो पिच करणार असेल तर तिला पहिली इनिंग चुकवू देऊ नका: तिसरा आउट घेतला की काही मिनिटांत ग्लोव्ह काढून, कोपराला गार्ड बांधून, हेल्मेट घालून पहिला बॅटर म्हणून बहुतेकदा त्यालाच उभं राहावं लागतं.